उजवीकडूनही एकदा

तातडीच्या विभागातल्या थोरल्या सिस्टरना सगळे पाठीमागे 'पुन्हाबाई' म्हणत. ईसीजी काढला, की पुन्हा. रक्तदाब मोजला, की पुन्हा. नवरा तर म्हणे, "आमचं कुलूप ही इतक्यांदा ओढून बघते, की चोरही कंटाळून निघून जाईल."

त्या दुपारी शिंपीकाका आले. बावीस वर्षं याच माणसाने साऱ्या सिस्टरांचे गणवेश शिवलेले. अंगाला दरदरून घाम, आणि तोंडाने एकच धोशा, "पित्त झालंय हो, सोडा पाजा, दुकान उघडं टाकून आलोय." काकू त्यांचा दंड धरून उभ्या होत्या.

ईसीजी निघाला. कसलं पित्त नि कसलं काय, हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठाच अडला होता! नव्या डॉक्टरांनी लगेच जिभेखाली ठेवायची गोळी हातात घेतली. छातीत कळ आली, की ती देतातच. पण काकांचा रक्तदाब जेमतेम शंभर होता आणि मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या.

शिकाऊ असताना पुन्हाबाईंनी अशाच एका मास्तरांना ही गोळी दिलेली पाहिली होती. दाब धाडकन पडला, आणि मास्तर हातचे गेले.

"गोळी थांबवा, डॉक्टर! पुन्हा ईसीजी काढू, उजवीकडून."

"सिस्टर, वेळ कुठाय?"

"एकच मिनिट द्या मला!"

त्यांनी छातीवरच्या चिकटपट्ट्या फटाफट उपटल्या. काका "आई गं!" म्हणेपर्यंत नव्या पट्ट्या उजव्या बाजूला बसल्याही. कागद सरसरत बाहेर आला. रेघ चांगली वर उचललेली! हृदयाच्या उजव्या बाजूचाही रक्तपुरवठा अडला होता. ती गोळी जिभेखाली गेली असती, तर उरलासुरला दाबही गेला असता. डॉक्टरांनी गोळी परत ट्रेमध्ये ठेवली आणि ते ओरडले,

"सलाईन लावा! अँजिओप्लास्टीची खोली तयार ठेवायला सांगा! पळा!"

तासाभरात बंद शीर मोकळी झाली. निरोप आला तेव्हा पुन्हाबाईंनी सत्तावन्नाव्या वर्षी चक्क उडी मारली. मग खात्रीसाठी तिकडे पुन्हा फोन केला.

दोन महिन्यांनी काका स्वतः नवा गणवेश घेऊन आले. बाईंनी घडी उलगडली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काका, पेनाचा खिसा चुकला की तुमचा. डावीकडे असतो ना? हा उजवीकडे लागलाय."

"चुकला नाही, बाई," शिंपीकाका म्हणाले. "पुन्हा बघा."