साडेचारशे वॉटचा वाफारा

बाबांना जाऊन महिना झाला. आज त्यांचं कपाट आवरताना हिंदी मुलखातल्या आमच्या माधवगंजच्या घरातला जुना हीटर हाती लागला. त्याच्या तापणाऱ्या तारेच्या स्प्रिंगला उतू गेलेल्या दुधाचा जळका वास अजून होता.

आईला दमा होता. थंडीत तिला सकाळी सहाला वाफारा लागे, आणि मी नववीत होते त्या वर्षी या हीटरवर पाणी वेळेवर उकळेचना. एका सकाळी बाबांनी मीटर लावून पाहिला.

"व्होल्ट दीडशे, अँपिअर तीन. सांग, रेझिस्टन्स किती?"

"पन्नास ओहम," मी चिडूनच म्हणाले. आत आई खोकत होती.

"म्हणजे स्प्रिंग ठीक आहे, लाइनच कमी येतेय, दोनशे तीसच्या जागी दीडशे. दीडशे गुणिले तीन, साडेचारशे वॉट. आणि हीटर हजारचा."

"तो फिर स्प्रिंग काट के छोटी कर दो ना, बाबा! सगळे तेच करतात, जास्त तापते."

"आणि पूर्ण व्होल्टेज आलं की ती जळेल. मग वाफारा कशावर देशील?"

ते कागदावर आणखी काही मांडत बसले. यांना आईपेक्षा गणित प्यारं, असं मला तेव्हा वाटलं आणि पुढेही बरीच वर्षं वाटत राहिलं.

तो कागद आज हीटरच्या तळाशी घडी करून ठेवलेला सापडला. आकडेमोडीखाली बाबांच्या अक्षरात शेवटची ओळ होती: "दुपटीहून जास्त वेळ. साडेपाचऐवजी पावणेपाचला उठणे."

त्या थंडीत आईचा वाफारा पुन्हा कधी चुकला नाही. पाणी कोण, केव्हा ठेवतं, हे मी विचारलंच नव्हतं.