पुतळाबाईंचा भोंगा

वळ गावच्या पुतळाबाई घरात शिरण्याआधी त्यांचा आवाज शिरत असे. लहानपणी त्या बांधावरून म्हशीला हाक मारीत, तेव्हा शेजारच्या गावच्या म्हशीही माना वर करीत, असे त्यांचा भाऊ लडकू शपथेवर सांगे. लडकूच्या शपथेला गावात फारसे वजन नव्हते. पण या बाबतीत कुणी त्याला खोटे पाडले नाही.

पंधरा वर्षे गोदामात खोकी उचलल्यावर पुतळाबाईंच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. मग याच आवाजाच्या बळावर त्यांना महापालिकेच्या आपत्ती कक्षात तीन महिन्यांसाठी काम मिळाले. पूर, आग, वायुगळती, काहीही झाले की गल्लीत जायचे आणि हातातल्या भोंग्यावरून लोकांना सावध करायचे. सोबत नारिंगी जाकीट आणि गळ्यात घालायचे फोटोचे ओळखपत्र. ते कार्ड त्यांना इतके भावले, की पुतणीच्या हळदीलाही त्या ते घालून गेल्या. हळदीचा एक थेंब फोटोतल्या नाकावर बसला, तो त्यांनी पुसला नाही. शोभत होता.

पण तीन महिन्यांत ना पूर आला, ना कुठे आग लागली. देवापाशी मागावे तरी काय? संकट येऊ दे म्हणावे तर पाप, येऊ नको म्हणावे तर नोकरी जाते. त्या नुसताच नमस्कार करून परत येत.

शेवटी कक्षाच्या अधिकारी दिशा मॅडम यांनी सराव ठरवला. तलाव फुटला आहे असे समजून शहरातल्या कामतघर भागातली एक गल्ली वीस मिनिटांत शाळेच्या मैदानावर आणायची.

"जमलं तर मुदत वाढेल, मावशी," दिशा मॅडम म्हणाल्या. "नाही जमलं, तर ध्वनिमुद्रित संदेश लावायचा असं वरून ठरलंय. कार्ड मग परत करावं लागेल."

"माझी हाक म्हशी आयकतात, मॅडम. मानसं न्हाय आयकनार?"

सकाळी अकराला पुतळाबाईंनी गल्लीच्या तोंडाशी उभे राहून भोंगा उचलला. "समस्त नागरिकांना सूचित करण्यात येते की..."

पुढचे त्यांचे त्यांनाही ऐकू आले नाही. गल्लीच्या दोन्ही अंगांना खुर्शीदशेठचे कारखाने होते, आणि कापड विणणारे छप्पन्न लूम एकाच वेळी खडखडत होते. वरच्या खोल्यांत रात्रपाळीचे कामगार त्या खडखडाटाची अंगाई करून घोरत होते. एका कारागिराने खिडकीतून हात हलवला: भंगार नाही. पहिल्या मजल्यावरच्या काशीने दोरीला बांधलेली पिशवी अलगद खाली सोडली. त्या गल्लीत भोंगा घेऊन येतो तो कांदेवालाच, हा तिचा वीस वर्षांचा अनुभव होता. पुतळाबाईंनी पिशवीत सूचनापत्रक टाकले. काशीने पिशवी वर ओढली, पत्रक उलटसुलट करून त्याखाली कांदे शोधले आणि पिशवी पुन्हा खाली सोडली.

नऊ मिनिटे गेली. दिशा मॅडम घड्याळाकडे आणि मग कार्डाकडे पाहू लागल्या. पुतळाबाईंनी कार्ड जाकिटाच्या आत सरकवले आणि तडक खुर्शीदशेठच्या केबिनमध्ये शिरल्या.

"शेठ, जरा खटका पाडा. मानसांना आयकू येत न्हाय."

"लूम बंद?" शेठ बशीतला चहा फुंकत म्हणाले. "अगे बाई, धागे तुटले तर जोडायला तू येशील काय? सच्चा पूर येऊ दे, तेव्हा बंद करतो."

"तवा खटका पान्याखाली असंल. तुमी हात घालाल?"

शेठनी क्षणभर विचार केला. पण आलेला पूर नव्हता आणि आलेला चहा गरम होता. "जा बाई, धंद्याची वेळ हाय."

पुतळाबाई गेल्या नाहीत. त्यांनी दार लावून घेतले आणि आठ बाय दहाच्या त्या केबिनमध्ये भोंगा उचलला.

"समस्त नागरिकांना!"

बशीतला चहा शेठच्या पांढऱ्या कुडत्यावर आला.

"सूचित करण्यात येते की!"

भिंतीवरचे कॅलेंडर खाली आले.

"या अल्ला! बस कर, माझी माय, बस कर!" शेठ कानावर हात ठेवून उठले, आणि खटका पाडायला एक हात कानावरून काढावा लागला याचे त्यांना अखेरपर्यंत दुःख राहिले.

छप्पन्न लूम गप्प झाले.

त्या गल्लीत शांततेइतकी भयंकर गोष्ट दुसरी नव्हती. घोरणारे दचकून उठले. तान्ही मुले रडू लागली. कारागीर बनियनवर, बायका लाटण्यासकट, म्हातारे काठीशिवाय, सगळे रस्त्यावर आले.

"बत्ती गेली काय?"

"कधी येणार, काय कळलं?"

"ओ जाकीटवाल्या बाई, तुम्हाला काय खबर?"

पुतळाबाईंना आता भोंग्याची गरज नव्हती. "तलाव फुटलाय असं समजून सराव हाय. सगळे शाळेच्या मैदानात चला. बत्तीचंबी तिथंच कळंल."

शेवटचे वाक्य ऐकल्यावर कुणी मागे राहिले नाही. एकोणिसाव्या मिनिटाला मैदानावर दोनशे चौदा माणसे होती. दिशा मॅडम खुर्चीवर चढल्या.

"नागरिकहो, आपत्तीच्या वेळी सर्वप्रथम..."

तेवढ्यात खुर्शीदशेठचा धीर सुटला. दुरून पहिला लूम खडखडला, मग दुसरा. "आली!" असा एकच गलका झाला आणि अर्ध्या मिनिटात मैदानावर खुर्चीवरच्या दिशा मॅडम, पुतळाबाई आणि रिकामी पिशवी घेतलेली काशी एवढेच उरले.

"मग कांदे नाहीतच?" काशीने विचारले.

दिशा मॅडम खाली उतरल्या आणि त्यांनी वहीत लिहिले: 'पहिली पायरी, कारखान्याचा खटका. खटक्यासाठी मावशी आवश्यक.' मग त्यांनी हात पुढे केला. "कार्ड द्या, मावशी."

पुतळाबाईंचा आवाज जन्मात पहिल्यांदा बसला. "पन वीस मिनिटं झाली न्हाईत, मॅडम..."

"म्हणूनच. मुदत वाढलीय, नवी तारीख छापायची आहे. परवा परत मिळेल."

पुतळाबाईंनी कार्ड दोन्ही हातांनी छातीशी धरले.

"परवा चालनार न्हाय. उद्या लडकूच्या पोराचा साकरपुडा हाय."

आणि हे वाक्य लूम चालू असतानाही गल्लीच्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू गेले.