मेघा रिकाम्या हातांनी घरी आली

नागपूरच्या इंदोरा चौकात मेट्रोतून उतरलं की आमचं घर काही लांब नाही. पण माझ्या सुनेला, मेघाला, तेवढं अंतर चालायला फार वेळ लागायचा. वाटेत गाडे आहेत ना! भुट्ट्यांचा, आलूबोंड्यांचा, कंगवे-टिकल्यांचा, आणि एक नुसत्या प्लॅस्टिकच्या टोपल्यांचा.

मेघा सदर भागात एका पॅथॉलॉजीत रक्ताचे नमुने घेते. दिवसभर लोकांचे दंड धरून, "तिकडे पहा काका, झालंच," असं म्हणून म्हणून थकलेली असते. तरी एखाद्या गाड्यापाशी थांबल्याशिवाय ती कधी घरी आली नाही. फाटक वाजलं की माझी नात यशोधरा हातातलं टाकून धावायची.

"मम्मी, काय आणलं?"

मेघा पिशवी पाठीमागे लपवायची. "ओळख बरं!"

कधी कोथिंबिरीची गरम सांबारवडी, कधी क्लिपा, कधी माझ्या गुडघ्यांसाठी तेल. त्या तेलाच्या न फोडलेल्या शिश्या अजून फळीवर आहेत. टोपल्या तर इतक्या झाल्या की कांद्यांना वेगळी, लसणाला वेगळी, आणि एक टोपली उरलेल्या टोपल्या ठेवायला. रोशन, माझा मुलगा, कन्हानला खाणीत आहे. पाळीवरून आला की म्हणायचा, "आई, आता आपण बाहेर झोपू. घरात सामान राहू दे."

मी म्हणायची, "काहून आणते वं बाई रोज रोज?"

"थोडंसंच तर आहे आई."

आणि खरंच थोडंसंच असायचं. क्रेडिट कार्ड गाड्यावरच्या मशीनला टेकवायचं, एक बारीक आवाज येणार, संपलं. नोट मोडावी लागत नाही, पर्समधून काही कमी झालेलं दिसत नाही. सांबारवडी मीही चवीनं खायची. उगाच कशाला खोटं लिहू?

आषाढात एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात नुसतीच बसून होती.

"आई, पगार आला आज."

"मग तोंड काहून असं?"

"आला अन् गेला. कार्डाचं भरलं. तेही पुरं नाही, होतं तेवढंच. बाकीवर व्याज. पगार कार्ड खाते, अन् मग महिनाभर आपण कार्डावर खातो." मग म्हणाली, "मोठं काही घेतलं असतं तर दाखवता तरी आलं असतं. काय दाखवू? टोपल्या?"

रोशनला तिनं त्याच दिवशी सांगितलं. तो रागावला नाही. "बंद कर मग," एवढंच म्हणाला. तिला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

आषाढी पौर्णिमेला आम्हा बौद्धांचा पावसाळ्यातला वर्षावास सुरू झाला. अश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. पहिल्या दिवशी त्रिशरण-पंचशील झालं की बायका त्या काळापुरती एकेक गोष्ट सोडायचा संकल्प सांगतात. कोणी मटण सोडतं, कोणी मालिका. मेघा उभी राहिली, म्हणाली, "मी कार्ड सोडते."

मग आमच्या सिंधूताई, ज्या विहाराची किल्ली सांभाळतात आणि कोणाचीही गय करत नाहीत, त्या म्हणाल्या, "मटण सोडलं त समजते वं पोरी. कार्ड काय कोणी खाते?"

"मी खाते ना. रोज संध्याकाळी."

सगळा विहार हसला. मेघाही हसली. घरी येऊन तिनं कार्ड माझ्या हातात दिलं, मी ते पापडांच्या डब्यात टाकलं.

महिना बरा गेला. ती रोज काहीतरी आणतच होती, पण लहानसं. एक पेन्सिल, पावभर जाम. आम्ही नागपूरचे लोक पेरूला जाम म्हणतो. मला वाटलं, आपल्या पगारातून आणत असेल, आणू दे. तिलाही तसंच वाटत होतं. मग बिल आलं.

"आई, डबा पाहू जरा."

डबा उघडला. पापडांखाली कार्ड होतं तसंच होतं.

"हे इथं झोपून राहिलं, मग पैसे कोणी उडवले?"

रोशन घरीच होता. त्यानं तिचा फोन घेतला, इकडे तिकडे बोटं फिरवली आणि जोरात हसला. "अवं, डब्यात टाकलं ते नुसतं प्लॅस्टिक आहे. तुह्यं कार्ड तर या फोनमध्येच जोडून आहे. तू स्कॅन करते ना गाड्यावर, ते पैसे खात्यातले नाही, कार्डाचेच जाऊन राहिले."

मलाही हसू आलं. मेघाला मात्र आलं नाही. विहारात सगळ्यांसमोर दिलेला शब्द आपण नकळत रोज मोडला, हेच तिच्या मनात बसलं. रोशननं फोनमधून कार्ड काढून टाकलं. बिल भरल्यावर खात्यात जे उरलं ते यशूच्या फीचं आणि किराण्याचं. गाड्यांसाठी काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेघाला यायला उशीर झाला. तिसऱ्या दिवशीही. फोन केला तर "येऊन राहिली आई," म्हणायची आणि यशूचा डोळा लागल्यावर यायची. मला वाटलं पॅथॉलॉजीत काम वाढलं. डेंग्यूचे दिवस होते.

मग एका संध्याकाळी यशूला शेजारी ठेवून मी वाचनाला निघाले, तर विहाराच्या मागच्या पायरीवर मेघा. डब्याची पिशवी मांडीवर घेऊन नुसती बसलेली.

"अवं, तू इथं काय करून राहिली?"

ती दचकली. मग सरकून माझ्यासाठी जागा केली. मी बसले. आत वाचन सुरू झालं होतं, आवाज येत होता.

"आई, माझे बाबा कामठीले लूमवर विणकर होते, तुम्हाले माहीत आहे. रोज येताना दुपट्ट्याच्या गाठीत काहीतरी बांधून आणत. फुटाणे, नाही तर एखादा जाम. आम्ही बहिणी गल्लीच्या टोकापर्यंत धावत जाऊ. मग ती लूम बंद पडली. तवापासून बाबा उशिरा यायला लागले, आम्ही झोपल्यावर. आम्हाले वाटे, काम वाढलं असन. मोठी झाल्यावर माझ्या आईनं सांगितलं. ते कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली बसून राहत. आमच्या घरचा दिवा मालवला की मग उठत."

मी तिच्या हातावर हात ठेवला. त्या हातांना दिवसभराच्या स्पिरिटचा वास होता.

"तुम्ही पोरी कोणाची वाट पाहत होत्या गं? फुटाण्यांची?"

ती हळूच म्हणाली, "आम्ही झोपत नव्हतो आई, लवकर. झोप लागून जाये."

"यशूही तशीच झोपते. दाराकडे तोंड करून."

मेघानं पदरानं नव्हे, ॲप्रनच्या बाहीनं डोळे पुसले. "पण तिनं विचारलं, काय आणलं, तर? काहीच नाही, असं कसं सांगू? उद्यापासून ती धावलीच नाही तर?"

पोरं पोरंच असतात, मी कशी हमी देऊ? मी म्हणाले, "ऊठ. माझं वाचन तर आज बुडालंच तुह्यापायी."

शेजारून यशूला घेऊन मी पुढं आत गेले. मेघा फाटकाशी घुटमळली. मग फाटक वाजलं. यशू धावली. सवयीनं तिनं आईची पिशवी ओढली, आत हात घातला. रिकामा डबा, पाण्याची बाटली. मेघा भिंतीला टेकून उभी. यशूनं डबा मोरीत नेऊन ठेवला आणि परत आली ती हातात भुट्टा घेऊन. शेजारच्या काकूंनी भाजून दिलेला.

"किती उशीर गं मम्मी! थंडा झाला ना हा."

भुट्ट्याचा अर्धा भाग दाणे संपून उघडा पडलेला.

"अर्धाच काहून?" मेघानं विचारलं.

"वाट पाहता पाहता खाल्ला मी. तू लवकर आली असती तर पुरा भेटला असता."

मेघा तिथंच उंबऱ्यावर बसली, आणि तिनं तो थंड भुट्टा एकेक दाणा काढून खाल्ला. यशू मोजल्यासारखी पाहत होती, एखादा दाणा मागूनही घेत होती. मी रोज रात्री चार ओळी वहीत लिहिते; त्या दिवशी दुसरं काही लिहिलं नाही. भुट्टा अर्धा होता, एवढंच लिहिलं.

सगळे दिवस असे गेले नाहीत. एकदा रंगपेटी पाहिजे म्हणून यशूनं फाटकातच बैठक मारली आणि सगळ्या गल्लीला ऐकवलं. मेघानं "नाही बेटा" म्हटलं आणि तीही शेजारी बसून राहिली, यशूचं रडं थांबेपर्यंत. पण उशिरा मात्र ती त्यानंतर आली नाही.

अश्विन पौर्णिमेला संकल्प पुरे झाले. मी पापडांच्या डब्यातून कार्ड काढून दिलं. कार्डाची बाकी अजून थोडी उरली आहे, पण बिल दर महिन्याला उतरतंय. तिनं कार्ड उलटंसुलटं पाहिलं, त्यावरचा पापडाचा चुरा झटकला, आणि "राहू द्या आई तिथंच," म्हणून परत दिलं.

आता फाटक वाजतं तेव्हा अजून उजेड असतो. यशू कधी अर्धं बिस्किट ठेवते, कधी शाळेतून आणलेली चिंच, कधी काहीच नाही. आणि दारात चप्पल काढता काढता विचारते ती मेघा:

"काय ठेवलं वं माह्यासाठी?"