डाव्या बाजूची जागा

माझ्या धाकट्या बहिणीसाठी आलेल्या पाचव्या स्थळाने निरोप पाठवला, की आम्ही मुलगी बघायला घरी येणार नाही. शनिवार-रविवार आम्ही येऊरच्या जंगलात मुक्कामाला जाणार आहोत, मुलीला घेऊन तुम्हीच तिकडे या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीत तेव्हा मुलगी बघणं म्हणजे पोहे, चहा आणि पाऊण तास. मी ताबडतोब म्हटलं, "यात काहीतरी आहे."

"काय असणार?" आई म्हणाली. "मुलाला डोंगराची आवड आहे म्हणे."

"मग जावं की डोंगरावर. मुलगी कशाला लागते?"

माझ्या संशयाला कारण होतं. धाकटीला डाव्या कानाने अजिबात ऐकू येत नाही. चार वर्षांची असताना कान फुटला, आणि बरा झाला तो कायमचा बंद होऊनच. उजवा मात्र ठणठणीत. ठाण्याच्या एका कचेरीत ती टायपिस्ट होती आणि तिथे सहा वर्षांत कोणाला काही जाणवलं नव्हतं. पहिल्या दोन स्थळांना आम्ही कानाचं आधीच सांगितलं, तर ते बघायलाही आले नाहीत. तेव्हा मी नियम केला: जमल्यावर सांगायचं. पुढच्या दोन कार्यक्रमांत तिची खुर्ची मी अशी ठेवली, की डावीकडे भिंत येईल. भिंतीतून कोणी प्रश्न विचारत नाही. त्यातलं एक स्थळ पत्रिकेवरून गेलं, एक उंचीवरून. कानाचा प्रश्नच आला नाही.

"ताई, ही फसवणूक आहे," धाकटी म्हणायची.

"फसवणूक नाही. आधी काय आणि नंतर काय सांगायचं, एवढंच."

जंगलात भिंत नसते. म्हणूनच तर बोलावलं नसेल? त्यांना कोणीतरी सांगितलं असणार आणि आता ही परीक्षा घेणार, असं मी धरून चालले. घरात जाहीर केलं, की मी जाणार आणि दोन्ही दिवस तिच्या डावीकडे मी असणार.

सोबतीला पुरुषमाणूस हवा म्हणून नवऱ्याला घेतलं.

"अगं, पण तिथे संडासाची काय सोय?" त्याने विचारलं.

"जंगल आहे. सगळीकडे सोयच आहे."

मुलगा नौपाड्यात राहणारा, एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. आई-वडील लवकर गेल्यामुळे आत्याने वाढवलेला. आत्या साठी ओलांडलेल्या, पाचवारी साडी वर खोचून पायात कॅनव्हासचे बूट घातलेल्या. येऊरचा शेवटचा पाडा मागे टाकून चढताना त्यांनी सहज सांगितलं, की तीस वर्षं त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. ही माणसं परीक्षकच बरोबर घेऊन आली होती.

मुक्कामाची जागा ओढ्याच्या वर, साग आणि ऐनाच्या झाडांत होती. मुलाने दोन झाडांत दोर बांधून ताडपत्री टाकली, तीन दगडांची चूल मांडली आणि कंदील फांदीला अडकवला. एवढंच घर. हाताला माणूस चलाख होता, हे मी मनात नोंदवलं. बोलायला कमी, हे संशयाच्या बाजूला नोंदवलं. तिथे इतकी शांतता होती, की पान पडलं तरी आपण मान वळवावी.

हीच शांतता आम्हाला नडली. एका कानाने ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण कुठून आला ते कळत नाही. घरात माणूस समोर दिसतो म्हणून भागतं. झाडांत नुसतीच हाक येते.

पाणी आणायला मुलगा पुढे गेला आणि ओढ्याच्या वळणावरून ओरडला, "इकडून या, इकडे सोपं आहे!" तो डावीकडे होता. धाकटीने उजवीकडे पाहिलं आणि दोन पावलं त्या दिशेने गेलीसुद्धा. मी तिला दंडाला धरून वळवलं.

"पाण्याचा आवाज फार आहे ना," मी मोठ्याने म्हटलं.

त्याने ओढ्याकडे पाहिलं. पाणी मनगटाएवढ्या धारेचं होतं.

लाकडं गोळा करताना तेच झालं. त्याने झाडाआडून हाक मारली आणि हिने त्याच्याकडे पाठ केली. संध्याकाळच्या आत तीनदा. दर वेळी तो वेगळ्याच बाजूला असायचा. माझी खात्री पटली: मुद्दाम करतोय.

चुलीपाशी मी धाकटीला एका मोठ्या खडकाला डावा खांदा टेकवून बसवलं. खडक भिंतीसारखाच. पण मी भाकऱ्यांचं फडकं आणायला उठले तेवढ्यात आत्याबाई टोप घेऊन त्या खडकावरच जाऊन बसल्या आणि पिठलं ढवळत हलक्या आवाजात मिठाचं काहीतरी म्हणाल्या. धाकटी विस्तवाकडे बघत राहिली. मी धावले.

"मीठ बेताचंच घाला," मी म्हटलं. "तिला कमीच लागतं."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची बहीण बोलते ना हो? की तुम्हीच बोलता दोघींचं?"

नवरा हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

रात्रीचं सांगण्यासारखं काही नाही. गार होतं आणि भेकर दोनदा कुत्र्यासारखं भुंकलं. ताडपत्रीखाली आम्ही सगळे उठून बसलो, एकटी धाकटी सोडून. ती उजव्या कुशीवर होती. चांगला कान उशीत दबला, की तिच्यासाठी जग बंद.

सकाळी चहा झाला आणि आत्याबाईंनी कप खाली ठेवले. "आवरा आता. खाली उतरू."

"एवढ्यात?" मी विचारलं. "दुपारचं जेवण करून जायचं ठरलं होतं."

"हे बघा, मला स्पष्ट बोलायची सवय आहे. मुलीची इच्छा दिसत नाही. हाक मारली की पाठ फिरवते, विचारलं तर उत्तर देत नाही. रात्री जंगल ओरडलं, आपण सगळे उठलो, ही कूस बदलेना. तुम्ही तिला धरून आणलीत. तिच्या मनाविरुद्धची सून मला नको."

मुलगा मान खाली घालून म्हणाला, "याआधी मी तीन मुली बघितल्या. तिन्ही घरांत मुलीच्या वाटचं घरचेच बोलत होते. म्हणून इकडे बोलावलं. पण इथेही..." पुढचं त्याने माझ्याकडे बघून गिळलं.

म्हणजे त्यांना काहीच माहीत नव्हतं. धाकटीचं लग्न कानापायी मोडत नव्हतं, माझ्यापायी मोडत होतं. आता खरं सांगावं तर आधी लपवलं हे उघडं पडणार. न सांगावं तर हे दोर सोडून चाललेच होते. दोन्हीचा हिशोब लावत मी उभी राहिले, आणि तेवढ्यात धाकटीच बोलली.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. लहानपणापासून. हाका मला आल्या, कुठून आल्या ते कळलं नाही. मी पाठ फिरवली नव्हती. तुम्हालाच शोधत होते."

मी तोंड उघडलं.

"ताई, तू बस." मग त्यांना, "हे जमल्यावर सांगायचं ठरलं होतं. मला ते पटलेलं नव्हतं."

मुलगा हातातल्या दोराकडे बघत होता.

"आणि रात्री भेकर ओरडलं तेव्हा?" त्याने विचारलं.

"चांगला कान खाली होता."

"बरं आहे की," तो म्हणाला. "आमची सगळ्यांची झोप गेली."

तो थट्टा करतोय की टोमणा मारतोय, हे मला ठरवता येईना. त्याने दोर खाली टाकला, खरकटी भांडी उचलली आणि वळसा घालून तिच्या उजव्या हाताला येऊन उभा राहिला. "ओढ्यावर भांडी न्यायची आहेत. येता?"

ती उठली. सवयीने मीही उठले. दोन दिवसांत नवरा पहिल्यांदा उपयोगी पडला. त्याने माझा पदर ओढून मला खाली बसवलं आणि म्हणाला, "अगं, चहा उरलाय का बघ."

ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेच्या उजव्या अंगाला करवंदीच्या जाळ्या होत्या. दोघं परत आली तेव्हा त्याच्या हातावर कोपरापर्यंत ओरखडे होते आणि भांडी नीट घासलेली नव्हती. जेवण करूनच आम्ही उतरलो. मे महिन्यात लग्न झालं.

माझा एक संशय मात्र अजून गेलेला नाही. तीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला एक बहिरा कान कळू नये? नेमकं त्याच खडकावर बसून, त्याच बाजूने, हलक्या आवाजात त्यांनी मिठाचं विचारावं? आणि आवरा म्हणाल्या, तेव्हा ताडपत्रीचा एक दोरही त्यांनी स्वतः सोडला नव्हता, हे मला नंतर आठवलं. काही वर्षांनी नौपाड्यात त्यांच्याकडे मटार सोलत बसले असताना मी सरळ विचारलं, "तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"कळलं असतं तर मी बोलले नसते का?" त्या म्हणाल्या, आणि माझ्यापुढची किडकी शेंग उचलून बाजूला टाकली.

हे उत्तर नव्हे, हे मला तेव्हाही कळलं होतं.