भोकरच्या व्याह्यांचं चार्जिंग

बॅटरी नावाची वस्तू जगात निघाली ती केवळ आमच्या व्याह्यांना काळजी करायला काहीतरी मिळावं म्हणून, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका उरलेली नाही. भोकरला त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस अंगानं भरलेला, आवाजानं त्याहून भरलेला. लाईट कधी येईल आणि कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या काळात उभं आयुष्य गेल्यामुळे भिंतीवरचं मोकळं सॉकेट त्यांना बघवत नाही. उघडा राहिलेला नळ पाहून आम्हा लातूरकरांचा जीव जसा कासावीस होतो, तसा मोकळ्या सॉकेटपाशी त्यांचा होतो. खिशातून काहीतरी काढून ते तिथं लावल्याशिवाय त्यांना बसवत नाही. माझ्या मुलीला बघायला ते लातूरला आले तेव्हा ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, आणि हे सोफ्यामागे वाकून फोनची पिन खोचत होते. मुलीला त्यांनी त्या दिवशी नीट पाहिलंच नाही. जाताना मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "इवाई, घर लई चांगलं हाय तुमचं. खोलीखोलीत बोर्ड हायेत. आपल्याकडून पक्कं समजा." आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात. लग्न ठरायच्या आधीच त्यांनी मला इवाई करून टाकलं होतं.

त्यांच्या दृष्टीनं ऐंशी टक्के चार्ज असलेला फोन म्हणजे उपाशी लेकरू. दाढीचं मशीन, टॉर्च, बीपी मोजायचं यंत्र, डास मारायची बॅट, सगळ्यांची पोटं भरलेली असली तरच ते स्वतः जेवायला बसतात. एकदा आमच्याकडे मुक्कामाला होते, तर सकाळी आमचा फ्रीज बंद आणि त्या जागी त्यांची टॉर्च. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "दूध तापवून ठेवता येतं, इवाई. टॉर्चला काय तापवता?"

या सगळ्या लेकरांमध्ये एक मात्र वेगळं होतं. ते म्हणजे त्यांच्या मनगटावरचं घड्याळ. मागे एकदा दुकानात बसल्या बसल्या त्यांच्या छातीत कळ आली. अंगाला दरदरून घाम फुटलेला, आणि नेमका त्याच वेळी विहीणबाईंचा घरून फोन आला. हे म्हणाले, "काही न्हाई, जरा उकडून राहिलं," आणि गिऱ्हाइकाला सोयाबीनचं वाण समजावत बसले. शेजारच्या दुकानदारानं रंग ओळखला, गाडीत घातलं आणि नांदेडला नेलं म्हणून माणूस वाचला. तेव्हापासून विहीणबाईंनी नवऱ्याच्या तोंडावर विश्वास ठेवणं सोडून दिलं. आमच्या जावयांनी, म्हणजे त्यांच्या मुलानं, इंग्लंडहून ते स्मार्ट घड्याळ पाठवलं आणि वडिलांच्या हृदयाचे ठोके आईच्या फोनवर दिसतील अशी सोय करून दिली. मग काय! दुकानात कुणावर आवाज चढला, की घरून फोन. "कुणावर ओरडून राहिले? ठोके बघा तुमचे!" भजी चोरून खाल्ली तर घड्याळाला कळत नाही, एवढीच काय ती त्यांना सवलत होती.

यंदा इंग्लंडला आम्हाला नात झाली. माझी बायको बाळंतपणासाठी आधीच गेली होती. विहीणबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, त्यामुळे आम्ही दोन आजोबाच निघालो. निरोप देताना विहीणबाई मला म्हणाल्या, "भाऊ, ते जेवले का, झोपले का, काही सांगू नका. फक्त घड्याळ चालू ठेवा."

हैदराबादच्या विमानतळावर व्याह्यांची हातातली पिशवी तपासणीच्या यंत्रातून गेली आणि यंत्रच विचारात पडलं. पॉवर बँका, वायरींची भेंडोळी, घरी ठोकून तयार केलेला लाकडी एक्स्टेन्शन बोर्ड आणि डासांची बॅट. बॅटवर सगळ्यांचं लक्ष गेलं. "मच्छर, मच्छर," असं म्हणत व्याह्यांनी हवेत दोन फटके मारून दाखवले, तेव्हा मागची रांग हातभर मागे सरकली. बॅट तिथंच ठेवावी लागली. व्याह्यांनी मोठ्या मनानं तपासणाऱ्या मुलीला सांगितलं, "ठेव बाई. हैदराबादेत कमी मच्छर हायेत का?"

मधे आखाती विमानतळावर विमान बदलायचं होतं. तिथं खुर्चीखुर्चीपाशी सॉकेट पाहून व्याह्यांना स्वर्गच भेटला. सगळा संसार त्यांनी भिंतीला लावला. मग आमच्या विमानाची घोषणा झाली, आमची धावपळ उडाली, आणि इंग्लंडला पोचून बॅगा उघडल्यावर कळलं की घड्याळाचा चार्जर तिथंच भिंतीला राहिला. तो चकतीसारखा चार्जर त्याच जातीच्या घड्याळाला चालतो, दुसऱ्या कशानं ते भरत नाही. जावयांनी लगेच नवा मागवला, पण तो यायला वेळ होता. तोवर घड्याळ विझलं.

इकडे बाकीच्या वस्तूंची पोटं भरायची म्हणून व्याह्यांनी तिथल्या सॉकेटची आतली झाकणं उघडावीत म्हणून वरच्या भोकात उदबत्तीची काडी खुपसून भोकरचा बोर्ड बसवला. फाटकन आवाज आला आणि घरभर अंधार. मुलगी ओरडली, बाळ रडलं, माझ्या बायकोनं कपाळावर हात मारला. व्याह्यांचा चेहरा मात्र मोबाईलच्या उजेडात फुललेला दिसला. "लाईट गेली! इथंबी जाते म्हणा की!" परदेशात त्यांना पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं ते तेव्हा.

पण तो आनंद टिकला नाही. भोकरहून व्हिडिओ कॉल आला. व्याह्यांनी हसून दाखवलं, नात दाखवली, दंड फुगवून दाखवला. विहीणबाईंचा आवाज कापत होता. "तुमचं तोंड दिसून राहिलं. ठोके कुठं दिसून राहिले? त्या दिवशीबी तुम्ही असंच बोलत होता." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. मी त्या बाईला रडताना कधी पाहिलं नव्हतं. व्याह्यांनी फोन ठेवला. मग चपला घालून म्हणाले, "इवाई, चला. कुठंतरी सापडंल."

थंडीत आम्ही दुकानामागून दुकानं पालथी घातली. मी इंग्रजीत विचारायचो, समोरचा इंग्रजीत नाही म्हणायचा. शेवटी एका गल्लीत मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान दिसलं. काउंटरवरच्या तरुणाचा चेहरा पाहून व्याह्यांनी मला मागे सारलं आणि भोकरच्या बाजारातली आपली दख्खनी काढली, "भाई, इस घड़ी का चार्जर हय क्या? घरवाली का रोना बंद नै होरा."

तो तरुण हातातलं काम सोडून बघतच राहिला. "कहां के हैं चाचा?"

"नांदेड के बाजू में, भोकर."

"अरे! हमारी खाला नांदेड में दिये सो है!" तो मूळचा हैदराबादचा निघाला, आणि त्याची मावशी नांदेडला दिलेली. चार्जर दुकानात नव्हता, पण त्याच्या बायकोकडे तसंच घड्याळ होतं. त्यानं फोन केला, आणि ती बाई स्वेटर चढवून, पोराला कडेवर घेऊन, चार्जर आणून द्यायला पायी आली. आम्हाला स्टुलावर बसवून चहा पाजला. घड्याळ उजळलं, व्याह्यांनी ते मनगटावर चढवलं, आणि जरा वेळानं भोकरहून व्हिडिओ कॉल आला, "दिसले! दिसले हो!" मग विहीणबाई त्या तरुणाच्या बायकोशी बोलल्या. इकडून दख्खनी, तिकडून मराठी. एकमेकींचं किती समजलं ठाऊक नाही, पण दोघी डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी जावयांनी मागवलेला चार्जर आला. तरीही व्याही दर दोन-तीन दिवसांनी घड्याळ घेऊन त्या दुकानात जात राहिले. "घरच्या लाईटीवर नीट भरत न्हाई," म्हणायचे. परत यायचे तेव्हा तोंडाला चहाचा आणि अंगाला गप्पांचा वास असायचा.

परतीच्या दिवशी मुलगी-जावई विमानतळावर सोडायला आले. व्याह्यांनी नातीला शेवटचं उचलून घेतलं. तिनं झोपेतच त्यांचं बोट मुठीत धरलं आणि सोडेना. ते तसेच उभे राहिले. एवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो न उचलताच माझ्या हातात दिला.

"भाऊ, काय झालं? ठोके एवढे का वाढून राहिले?"

मी म्हणालो, "विहीणबाई, नातीनं त्यांचं बोट धरलंय. निघायची वेळ झालीय."

मग त्या हळूच म्हणाल्या, "मग वाढू द्या."

मी फोन त्यांच्या कानाला लावून दिला. दोघंही काही बोलले नाहीत, आणि फोन कुणी बंदही केला नाही.