बाकावरच्यांचा मामा

माझा मामा काचा बसवतो. खिडक्यांच्या, दुकानांच्या, कपाटांच्या. फुटबॉल लागून फुटलेली काच बदलायला तोच जातो आणि त्या फुटबॉलवाल्यांच्या क्लबसाठी खेळाडूही तोच निवडतो, म्हणून गल्लीतले लोक म्हणतात की हा आपल्याच पोळीवर तूप ओढतो. मामा हसतो. काचा पोटासाठी आणि क्लब जिवासाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तरुणपणी तो याच क्लबचा राखीव गोलकीपर होता. शेवटपर्यंत राखीवच. ‘प्रशिक्षकाने संधीच दिली नाही,’ हे वाक्य आम्ही भाचरं पाळण्यात असल्यापासून ऐकत आलोय. त्यातूनच त्याची निवडीची पद्धत निघाली. हंगाम संपला की करार संपलेले खेळाडू मोकळे होतात आणि सगळे क्लब नावाजलेल्यांच्या मागे धावतात. मामा मात्र दुसऱ्यांच्या बाकावरचे राखीव खेळाडू उचलतो. म्हणतो, “नावाजलेल्याचं पोट भरलेलं असतं. बाकावरचा उपाशी असतो.” त्यासाठी तो सामन्याला जाऊन मैदानाकडे जवळजवळ पाठ करतो आणि बाक बघत बसतो. कोण जांभया देतो, कोण उठून उभा राहतो. अनोळखी लोकांना वाटतं, बिचाऱ्याची मान धरलीय.

यंदा आमच्या गोलकीपरचा करार संपला. त्याला सगळे भिंत म्हणतात, यातच काय ते आलं. त्याला ठेवायचं सोडून मामाने पुलापलीकडच्या क्लबचा दुसरा गोलकीपर आणायचं काढलं.

“हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका,” क्लबचे अध्यक्ष म्हणाले. त्यांची बेकरी आहे आणि आवाज भट्टीसारखा.

“हा कुठे पळतोय? हा बसलाय,” मामा म्हणाला. “पण काय लक्ष असतं त्याचं! चेंडू आला की उठतो. सारख्या लेस आवळतो. हा चुकीचा निघाला तर निवडीचं काम सोडतो, मग तर झालं?”

मामीने माझ्याकडे बघितलं. निवड सोडून हा माणूस रविवारी घरात काय करणार, हीच आम्हा दोघींना काळजी. भिंत मात्र आठवड्याभरात दुसऱ्या क्लबला जाऊन उभी राहिली.

पहिल्या सामन्याच्या दिवशी मी आणि मामी कपडे बदलायच्या खोलीत पाण्याच्या बाटल्या भरत होतो. संघ मैदानात गेला होता. नवा गोलकीपर हातमोजे घालून कोपऱ्यात बसून होता, चेहरा चुन्यासारखा.

“मला बाकावर बसू द्या,” तो मामाला म्हणाला. “दुसऱ्या कुणालाही उभं करा.”

“अरे, तू तर चेंडू आला की उठायचास.”

“भीतीने उठायचो. आमच्या पहिल्या गोलकीपरला लागलं तर मला जावं लागेल म्हणून. लेस पण त्यामुळेच आवळायचो, हातांना काहीतरी काम हवं म्हणून.”

मामा धपकन त्याच्या शेजारी बसला. इतकी वर्षं बाक वाचणारा माणूस भुकेला आणि भ्यालेला यांतला फरक ओळखू शकला नव्हता. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. मग मामा हळू आवाजात बोलायला लागला.

“मलाही एकदा बोलावलं होतं. जा म्हणाले. मी पाय मुरगळल्याचं सांगितलं. त्या दिवशी सुटलो असं वाटलं, आणि पुढे जन्मभर प्रशिक्षकाच्या नावाने खडे फोडत बसलो. तू तसं करू नकोस. तीन गोल खा, चार खा, पण जा.”

मामी नळ बंद करायला विसरली.

तो गेला. गोल तीनच खाल्ले, सांगितल्यासारखे. पहिला तर त्याच्या दोन पायांमधून गेला. पण तिसऱ्यानंतर तो आपल्याच बचावपटूंवर ओरडायला लागला, आणि शेवटी एक चेंडू त्याने असा आडवा होऊन काढला की अध्यक्ष उठून उभे राहिले, मग कुणी बघितलं का ते पाहून खाली बसले. आम्ही हरलो.

बोलल्याप्रमाणे काम सोडायचं म्हणून मामाने क्लबच्या खोलीची किल्ली अध्यक्षांपुढे धरली.

“ठेवा तुमच्याकडेच,” ते वैतागून म्हणाले. “भिंत घालवलीत. आता याला तयार कोण करणार, मी?”

घरी जाताना बाटल्यांची पिशवी मामाने घेतली. मग मामीला म्हणाला, “लग्नाआधी तुला खोटं सांगितलं मी. प्रशिक्षकाचं.”

“मी होते त्या दिवशी मैदानावर,” मामी म्हणाली. “माझा भाऊ तुमच्या विरुद्ध खेळत होता. खोलीत जाताना तुम्ही डाव्या पायाने लंगडत होतात आणि बाहेर येताना उजव्या.”

मामा थांबला. “आणि तरी हो म्हणालीस?”

“इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस बरा असतो,” मामी म्हणाली आणि त्याच्या हातातली बाटल्यांची पिशवी तिने आपल्याकडे घेतली.