रेडिओ आणि नाखवा

तमाम अंधेरीकरांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बुडणारा माणूस 'वाचवा, वाचवा' असं ओरडत नाही. पडद्यावर दाखवतात ते सगळं खोटं. बुडणं ही शेजाऱ्याला अजिबात त्रास न देता, अगदी शांतपणे करायची गोष्ट आहे. खात्रीनं सांगतो, कारण मी ती स्वतः करून पाहिली आहे.

त्याआधी हे ज्ञान मला फुकट मिळालं होतं. आमच्या तरणतलावावरचे लाइफगार्ड मढचे एक कोळी होते. रोज पहाटे होडीनं खाडी ओलांडून यायचे आणि खोल पाण्याच्या कडेला, उंच लोखंडी खुर्चीवर चढून बसायचे. आम्ही त्यांना नाखवा म्हणायचो. एकदा मी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. मी हौशी नट. खोल पाण्यात जाऊन हातपाय झाडले, गटांगळ्या खाल्ल्या, 'वाचवा हो!' म्हणून टाहो फोडला. दोन बायका किंचाळल्या. नाखवा जागचे हलले नाहीत.

"आवाज झकास हाय," ते वरूनच म्हणाले. "वरडतो त्याला दम असतो. गप झाला त्याला बघायचं."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव 'रेडिओ' ठेवलं.

नाव चुकीचं नव्हतं. माझं पोहणं म्हणजे हनुवटी वर ठेवून बेडकासारखं पुढे सरकणं, त्यामुळे तोंड मोकळं. ऑफिसातला साहेब, बायकोचा कालचा अबोला, कोलंबीचा भाव, सगळं मी त्यांना पाण्यातून सांगायचो. ते माझ्याकडे कधी बघत नसत. "बोला, रेडिओ," म्हणायचे. "डोळे कामावर, कान मोकळे."

बाकीच्यांना ते माणूसघाणे वाटायचे. बोलताना जो तोंडाकडे बघत नाही, त्याच्याशी कोण बोलणार? वार्षिक समारंभाला सगळे बटाटेवड्यांभोवती गोळा झाले, तेव्हाही ते खुर्चीवरच होते. मी बशी नेऊन त्यांच्या बाजूला धरली. त्यांनी मान वळवली नाही. हात हवेत चाचपत राहिला, मग बशीला लागला. काय ही कामावरची निष्ठा, असं मी चारचौघांत कौतुकानं सांगितलं.

"घरी काय करता संध्याकाळी?" एकदा मी विचारलं होतं.

"काय करणार? बायको गेल्यापासून भिंत हाय. ती बोलत नाय."

यावर मी एक विनोद केला असणार. आता आठवत नाही.

मग तो रविवार आला. तलाव माणसांनी भरलेला. खोल पाण्यात बोलता बोलता माझ्या पोटरीत गोळा आला, नाकातोंडात पाणी गेलं. ओरडावं म्हटलं, तर आधी श्वास हवा होता आणि तोच मिळत नव्हता. डोकं मागे पडलेलं, तोंड कसंबसं पाण्याच्या पातळीवर, हात नुसते पाणी खाली दाबताहेत. वर करून कुणाला बोलवायची ताकदच नाही. माझ्यापासून दोन हातांवर रोज पोहायला येणारे आमचे साठे तरंगत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि प्रसन्नपणे म्हणाले, "वा! आज शांतता आहे. बरं वाटतंय."

ते माझ्या आयुष्यातलं शेवटचं वाक्य ठरणार होतं. साठ्यांचं वाक्य! एवढ्यात पाणी फुटलं आणि एक हात माझ्या काखेत आला.

कडेला मी ओकत होतो, लोक नाखवांच्या पाठीवर थापा मारत होते. गर्दी पांगल्यावर ते माझ्याजवळ बसले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे तोंड केलं होतं.

"तुम्ही मला दिसला नाय," ते हळू म्हणाले. "रेडिओ बंद पडला, म्हणून उडी मारली. शेवटचा आवाज जिथून आला, तिथं."

मला काही कळेना.

"डाक्टर काचबिंदू बोलला. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. दोन महिने झाले."

मला ती बशी आठवली.

"मी कुणाला सांगणार नाही," मी म्हणालो. "शपथ. तुम्ही बसा खुर्चीवर, मी बोलत राहतो."

ते हसले. "तुमचं ठीक हाय. दुसरं कोण बोलत बोलत पवतं?"

ओल्या कपड्यांनीच ते तलावाच्या ऑफिसात गेले आणि सगळं सांगून आले. आता खुर्ची नाही, म्हणजे दिवसभर ती भिंतच. हे त्यांनाही माहीत होतं, मलाही. फाटकाशी त्यांनी बाजूला उभ्या माझ्या खांद्यावर हात ठेवला, तोही आधी चाचपूनच. "दिवसभरात तुमचाच काय तो आवाज यायचा," म्हणाले आणि होडीच्या वाटेला लागले.

इतकी वर्षं मी बोलत होतो, पण मढला त्यांचं घर कुठं, हे एकदाही विचारलं नव्हतं. कुणालाही विचारून जाता आलं असतं. मी गेलो नाही.

त्यांच्या जागी आलेला माणूस तलावाकडे पाठ करून ऑफिसच्या सावलीत गप्पा मारत बसायचा. महिन्याभरानं मी पुन्हा पाण्यात उतरलो. हनुवटी वर ठेवून खोल पाण्यापर्यंत गेलो. साहेबाची बदली, कोलंबीचा भाव, बायकोनं काल अबोला सोडला तो कसा, सगळं रंगवून सांगत होतो. साठे पोहता पोहता थांबले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, आणि सगळ्या तलावाला ऐकू जाईल असे ओरडले,

"अहो, कुणाशी बोलताय? खुर्ची रिकामी आहे!"